पाप आणि तारण यांचा प्रतिमांच्या आधारे पुनर्विचार कसा करावा

पाप म्हणजे नियमभंग आणि तारण म्हणजे शिक्षेतून सुटका, हे न्यायालयाचे चित्र ख्रिस्ती मनात इतके रुजलेले असते की ते एक चित्र आहे याचेच भान राहत नाही. म्हणून 'पापी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय उभे राहते ते आधी वहीत लिहून काढावे आणि ते कोठून आले याचा शोध घ्यावा. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियस यांना आदाम आणि हव्वा वाढ अपुरी असलेल्या बालकांसारखे दिसले. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मशास्त्रज्ञ अन्सेल्म यांनी ईश्वराचा मान आणि त्याची भरपाई या सरंजामी काळाला परिचित असलेल्या भाषेत विचार केला. १९३१ मध्ये स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ औलेन यांनी दुष्ट शक्तींवर ख्रिस्ताने मिळवलेल्या विजयाची प्राचीन प्रतिमा पुन्हा पुढे आणली. गोव्यात इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी दक्षिण गोव्यातील साष्टीच्या श्रोत्यांना ओळखीचा असलेला पुराणाचा घाट स्वीकारून तारणाची कथा मराठी ओवीत सांगितली आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. कल्पनेचा आधार घेणे ही श्रद्धेशी प्रतारणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही परंपरा अवश्य पाहावी.

यानंतर शुभवर्तमानातील एक प्रसंग निवडावा. लूकच्या पंधराव्या अध्यायातील दोन पुत्रांचा दाखला (मालमत्ता उधळून बापाकडे परत येणारा धाकटा आणि घरीच राहिलेला थोरला यांची बोधकथा) यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. येशू संघ या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धतीप्रमाणे प्रथम स्थळ मनात उभे करावे आणि मग पंचेंद्रियांनी त्यात शिरावे: धावत येणारा बाप पाहावा, घरातील वाद्यांचा आवाज ऐकावा. मात्र धाकट्याजवळच थांबू नये. थोरला मुलगा आत यायला तयार नाही आणि आपण कधीच आज्ञा मोडली नाही असे तो सांगतो. त्याच्याजवळ बराच वेळ उभे राहावे. नियमभंग झालेला नसूनही तो घराबाहेर आहे, आणि बाप त्याचीही विनवणी करायला बाहेर आला आहे. न्यायालयाच्या चित्रात या मुलाला जागाच सापडत नाही, आणि पुनर्विचाराला खरी सुरुवात येथूनच होते.

आता आपल्या परिसरातील प्रतिमा शोधावी. गोव्यात खाजन शेतीचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीचा, विचार करता येईल. बांध फुटला की नदीचे खारे पाणी शेतात शिरते. दुर्लक्ष कोणाचेही असो, मीठ सगळ्यांच्याच जमिनीत उतरते आणि ते शेत पुढे ज्याच्या वाट्याला येते त्याला ती खारी मातीही मिळते. मूळ पापाची, म्हणजे आदामाच्या पापाचा परिणाम सर्व माणसांना वारशाने मिळतो ही, शिकवण अन्यायकारक वाटणाऱ्यांनी या चित्रावर शांतपणे विचार करावा. मीठ धुऊन निघते ते पावसाने, आणि पाऊस माणसाच्या हातात नाही. तरीही बांध उघडाच ठेवला तर तो पाऊस वाया जातो, म्हणून गावाला एकत्र येऊन तो बांधावा लागतो. कृपा आणि मानवी प्रतिसाद यांचे नाते मला या चित्रात अधिक स्पष्ट दिसते.

तथापि, प्रत्येक प्रतिमा कोठे अपुरी पडते हेही लिहून ठेवावे. पाऊस क्षमा करत नाही. क्षमा व्यक्तीच व्यक्तीला करते. म्हणून खाजनाचे चित्र एकटे पुरेसे नाही आणि त्यानंतर दाखल्यातील बापाकडे परत यावेच लागते. जी प्रतिमा क्रूसाला अनावश्यक ठरवते, किंवा पीडिताला झालेली इजा विसरून केवळ अपराध्याचे सांत्वन करते, ती कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवावी.

शेवटी क्रूसावरील ख्रिस्ताला समोर कल्पून लोयोला यांचे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: मी ख्रिस्तासाठी काय केले, काय करत आहे, आणि काय करायला हवे. ही साधना मार्गदर्शकासह करण्यासाठी रचलेली आहे. अपराधभावनेने आधीच खचलेल्या व्यक्तीने ती एकट्याने करू नये, विश्वासातील धर्मगुरू किंवा अनुभवी साधक यांच्या सोबतीनेच करावी.