ट्राय-एक्सेप्टच्या आड लपू नका

सिंटॅक्स एरर बिचारा सरळ असतो, प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. खरा छळ चालता चालता होतो. पायथन शिकून नुकतेच कामाला लागला असाल, तर ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे चालत्या प्रोग्राममधला एरर पकडायची सोय, कशी लिहायची ते तुम्हाला येतंच. ती कुठे लिहू नये, तेवढं सांगतो.

सोलापुरात आमच्यासारख्यांना सुरुवातीचं काम मिळतं ते टॉवेल-चादरीवाल्यांचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं बिलिंग माझ्याकडे आलं. सीएसव्ही फाइलमधून प्रत्येक पार्टीच्या टॉवेलचं वजन वाचायचं, दराने गुणायचं, बिल काढायचं. आधीच्या माणसाने लूपच्या पोटात 'एक्सेप्ट: पास' घालून ठेवलं होतं, म्हणजे कुठलाही एरर आला तरी काही न करता पुढे जा. प्रोग्राम कधी बंद पडत नसे, त्यामुळे मालक खूश. बिलं मात्र अधूनमधून चुकायची, आणि मी वेड्यासारखा गुणाकार तपासत बसलेलो.

व्हायचं असं, की दिवाणजी कधी १२५० लिहीत, कधी १,२५०. मजकुराचा आकडा करणारा फ्लोट स्वल्पविराम दिसला की व्हॅल्यूएरर फेकतो, म्हणजे 'हा आकडा मला वाचता येत नाही'. (देवनागरी अंक दिले तर मात्र निमूट वाचतो, हे मला तेव्हाच कळलं.) तो एरर 'पास'ने गिळला आणि 'वजन' या व्हेरिएबलमध्ये आधीच्या ओळीचा आकडा तसाच राहिला. म्हणजे एका पार्टीचं वजन दुसऱ्या पार्टीच्या बिलावर! शून्य छापलं असतं तर कुणीतरी फोन केला असता. ८४० किलो बघून कोण कशाला फोन करतोय? पुन्हा सांगतो, आकडा गायब होत नाही, शेजारचा येऊन बसतो. एररचं नाव न घातलेल्या नुसत्या एक्सेप्टमध्ये कंट्रोल-सीसुद्धा अडकतं, प्रोग्राम थांबवू म्हणाल तर थांबत नाही.

'प्रोग्राम क्रॅश होता कामा नये' असं शिकवणारे क्लासवाले मला पटत नाहीत. पडू दे की! पडताना पायथन एररचा जो माग छापतं, तो ट्रेसबॅक खालून वाचा. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वर तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव शोधा. तुमच्या हातातून कीबोर्ड ओढून घेणाऱ्या सीनियरपेक्षा 'शेवटची ओळ वाचून दाखव' म्हणणारा धरा.

म्हणून पकडूच नका असंही नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर साधारण ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि तो एरर पकडायची सोयच त्या ठिकाणी नव्हती. तुमचं तर फक्त बिल आहे, घाबरू नका. ट्रायमध्ये एकच ओळ ठेवा, एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएररचं नाव घाला, ओळ क्रमांक आणि मूळ मजकूर लॉगमध्ये टाका, मग 'कंटिन्यू', म्हणजे ती ओळ सोडून पुढची घ्या. तो लॉग रोज दिवाणजींना दाखवा. कुरकुरतील, पण दुरुस्त करून देतील.

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीला निघालात तर 'फायनली', म्हणजे एरर येवो न येवो शेवटी चालणारा भाग, नीट बघून जा. त्यात रिटर्न लिहिलं तर तेही एरर गिळतं. पायथन ३.१४ पासून त्यावर वॉर्निंग येते, पण कंपन्यांकडे अजून जुनी व्हर्जन्स चालतात.