जुन्या इनबोर्ड बोटीत नवं इंजिन: माउंटची जागा ठरवण्याआधीची तयारी

नवं इंजिन येऊन पडलं, चेन ब्लॉकची सोय झाली, म्हणून जुनं इंजिन लगेच उचलायला घेऊ नका. ते जागेवर असतानाच जी मापं मिळतात, ती नंतर कुठूनही मिळत नाहीत. इंजिन ज्या दोन लांब आधारांवर बसतं, त्या बेडवर पुढे आणि मागे अशी दोन ठिकाणी सरळ पट्टी आडवी ठेवा. कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट यांच्या जोडाच्या) फ्लँजचा, म्हणजे गोल चकतीचा, मध्य पट्टीपासून किती वर किंवा खाली आहे, ते मोजा. दोन्ही बेडमधलं आतलं अंतरही पुढे आणि मागे वेगवेगळं घ्या, कारण जुन्या बोटींत ते सारखं असेलच असं नाही. फ्लँजच्या तोंडापासून पुढच्या आणि मागच्या माउंटच्या (इंजिनाखालच्या रबरी पायांच्या) बोल्टपर्यंतचं अंतर, ग्लँडपासून (शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलपासून) शाफ्टच्या आतल्या टोकापर्यंतची लांबी आणि शाफ्टचा उतार अंशांत, हे सगळं कागदावर उतरवा. फोटो काढाल तेव्हा मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवा.

ही मापं जपून ठेवा, पण नवं इंजिन त्यांच्यावर बसवू नका. माउंटची जुनी रबरं वर्षानुवर्षं दबलेली असतात, मधल्या काळात कुणी शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घातलेले किंवा काढलेले असतात. जुनं इंजिन जिथे होतं ती जागा बरोबरच होती, असं धरून चालता येत नाही. बरोबर असते ती शाफ्टची रेषा. इंजिन शाफ्टला जुळवायचं असतं, शाफ्ट इंजिनाला नाही. पुढचं प्रत्येक काम याच क्रमाने येतं.

म्हणून आधी शाफ्टच तपासा. पंख्याजवळ शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंग) झिजलं असेल तर शाफ्ट त्यात खाली बसलेला असतो आणि त्यावरून काढलेली रेषाही तेवढीच खाली येते. नंतर बेअरिंग बदललं की सगळी जुळणी बिघडते. बेअरिंग बदलायचं असेल तर ते आत्ताच बदला. शाफ्ट हळू फिरवत डायल गेजने वाक पाहा आणि शाफ्ट स्टर्न ट्यूबच्या (ज्या नळीतून तो बोटीबाहेर जातो तिच्या) मधोमध येतो का, हेही बघून घ्या.

बोट पाण्याबाहेर असेल आणि शाफ्ट काढलेला असेल, तर दोरीची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. बेअरिंगच्या आणि ट्यूबच्या तोंडांत मध्यावर बारीक भोक असलेल्या लाकडी चकत्या घट्ट बसवा. त्यांतून मासेमारीची बारीक तंगूस ओवा आणि पुढच्या भिंतीवर ठोकलेल्या पट्टीपर्यंत ताणून बांधा. जाड तार वापरू नका, ती स्वतःच्या वजनाने झोळते. लेसर असेल तर काम लवकर होतं. शाफ्ट जागेवरच ठेवून काम करायचं असेल, तर त्याचं आतलं टोक कपलिंगच्या वजनाने खाली लटकलेलं असतं, हे विसरू नका. टांगायच्या स्प्रिंग काट्याने ते टोक उचला. काट्यावर बेअरिंगबाहेरच्या मोकळ्या शाफ्टचं निम्मं वजन आणि कपलिंगच्या शाफ्टकडच्या अर्ध्या भागाचं पूर्ण वजन दिसलं की थांबा आणि तिथेच टेकू द्या. शाफ्टची खरी रेषा ती.

आता नव्या इंजिनाचं ड्रॉइंग उघडा. जाहिरातीतलं चित्र नको, कंपनीचं मापांसकट असलेलं इन्स्टॉलेशन ड्रॉइंगच हवं. गिअरबॉक्सच्या आउटपुट फ्लँजच्या मध्यापासून माउंटच्या ब्रॅकेटच्या तळापर्यंतची उंची, चारही माउंटची लांबी-रुंदीतली जागा आणि फ्लँजचा व्यास, एवढं त्यातून हवं. गिअरबॉक्स उतरत्या कोनाचा असेल, म्हणजे आउटपुट ७ किंवा ८ अंश खाली झुकलेला असेल, तर इंजिनाची रेषा आणि शाफ्टची रेषा एक नसते. त्या इंजिनाला शाफ्टइतका उतार लागत नाही आणि बेडचा माथा त्यानुसार वेगळा तयार करावा लागतो. मॅन्युअलमधली उताराची मर्यादा पाहताना बोट धावताना नाक वर घेते, तो कोनही मिळवून धरा.

मग साचा बनवा. या पूर्ण यादीतलं एकच काम नेटाने करणार असाल, तर हे करा. जाड प्लायवूड किंवा लोखंडी अँगल घेऊन इंजिनाची नक्कल करायची: मागे फ्लँजच्या मापाची चकती, तिच्या मध्यावर भोक, आणि ड्रॉइंगप्रमाणे चारही माउंटच्या जागी पाय. इंजिन हाताशी असेल तर साच्याची मापं त्याच्यावरही ताडून पाहा. त्यात दोन ब्रॅकेटमध्ये फरक निघाला तर तो इथेच कळतो. साचा बोटीत उतरवा आणि तंगूस चकतीच्या भोकातून बरोबर मधून जाईपर्यंत सरकवा. तंगूस चकतीच्या पातळीशी सगळीकडून काटकोनात आहे का, हे गुण्याने पाहा. साच्याच्या पायांखाली बेडपर्यंत जी फट उरेल, त्यातून माउंटची उंची वजा केली की पॅकिंग (माउंटखाली द्यायची भर) किती लागणार ते कळतं. वजाबाकी उणे आली तर बेड तासून खाली घ्यावा लागेल. शेकडो किलोंचं इंजिन साखळीला लटकत असताना हा शोध लागणं फार महागात पडतं.

साचा बसलेला असतानाच मोकळी जागा तपासून घ्या: सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये, बेल्टसमोर, तेल फिल्टरखाली, पाण्याच्या पंपाच्या इंपेलरसमोर, आणि चारही माउंटच्या नटांना पाना फिरवायला. रबरावरचं इंजिन चालू-बंद होताना चांगलंच डोलतं, म्हणून काहीच चिकटून ठेवू नका.

बेडकडे कठोर नजरेने पाहा. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथे आत लाकूड कुजलेलं असतं किंवा फायबरचा थर सुटलेला असतो. जुन्या स्क्रूच्या भोकांत बारीक ड्रिल घाला आणि बाहेर येणारा भुसा चोळून बघा. कोरडा आणि फिका असेल तर ठीक. काळा, ओला, तेलकट असेल तर तो भाग काढलाच पाहिजे, कारण डिझेल मुरलेल्या लाकडावर रेझिन धरत नाही. मऊ लाकडात नुसते स्क्रू मारून माउंट बसवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आरपार बोल्ट घ्या, किंवा बेडच्या माथ्यावर आटे पाडलेली जाड लोखंडी पट्टी पक्की बसवा. पॅकिंगलाही लोखंड किंवा भक्कम फायबर वापरा, दबणारं लाकूड नको.

माउंट निवडताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं एकत्र वजन आणि पुढच्या-मागच्या पायांवर त्याची वाटणी पाहा. काही कंपन्या पुढे आणि मागे वेगळ्या कडकपणाची रबरं देतात, ती अदलाबदल होऊ देऊ नका. शाफ्टला वेगळं थ्रस्ट बेअरिंग नसेल तर पंख्याचा सगळा रेटा गिअरबॉक्समधून याच चार रबरांवर येतो. म्हणून माउंटवर दिशेची खूण असेल तर ती पाळा. उंचीच्या बाबतीत नियम सोपा आहे, पण तो सर्रास मोडलेला दिसतो: साच्याचा हिशोब करताना माउंटची उंची समायोजनाच्या मधोमध धरा. समजा कंपनीने ९० ते ११० मिमी दिली असेल, तर १०० धरून पॅकिंग ठरवा. नट वर चढवत चढवत उंची भागवली की माउंटच्या आटेदार खांबाचा उघडा भाग लांब होतो, इंजिन त्यावर थरथरतं, आणि रबर दबल्यावर वर घ्यायला आटे उरत नाहीत. आडव्या खाचांतही बोल्ट मध्यावरच राहू द्या.

इंजिन उतरवताना ब्रॅकेटची भोकं माउंटच्या खांबांवर अलगद बसली पाहिजेत. पहारीने ढकलून बसवावं लागलं, तर रबर पहिल्या दिवसापासून तिरकं ओढलेलं राहील. बसल्यावर डाव्या-उजव्या रबरांची उंची मोजून सारखी करा. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखं इंजिन तीनच माउंटवर उभं राहू शकतं आणि चौथा नुसता लटकलेला असतो. खालचा नट फिरवताना हाताला लागणाऱ्या जोरावरून ते लगेच समजतं.

शेवटची जुळणी पाण्यात करा. बोट जमिनीवर टेकलेली असताना आणि तरंगत असताना तिचा सांगाडा सारखा राहत नाही. टाक्या भरा, शिडाची बोट असेल तर डोलकाठीचे तार ताणून घ्या, रबरांना दोन दिवस इंजिनाचं वजन घेऊ द्या, आणि मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) काढा. लवचीक कपलिंग लावणार असाल तर ते बाजूला ठेवून आधी फ्लँज एकमेकांना जुळवा. त्याचं काम धक्के झेलण्याचं आहे, चुकीची रेषा झाकण्याचं नाही. दोन्ही फ्लँज आडवे-उभे एका मध्यावर आणा, मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे चार इंची फ्लँजला साधारण ०.१ मिमी फरक चालतो, पण तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल याहून कडक असेल तर तेच धरा. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत मोजा. फट शाफ्टबरोबर फिरली तर दोष शाफ्टमध्ये किंवा त्याच्या फ्लँजमध्ये आहे, माउंटला हात लावू नका.

वरची फट जास्त असेल तर इंजिनाचं नाक खाली आहे, पुढचे माउंट उचला. किती, ते आधीच काढता येतं: १०० मिमीच्या फ्लँजवर ०.२ मिमी फरक आणि पुढच्या-मागच्या माउंटमध्ये ५०० मिमी अंतर असेल, तर पुढची बाजू १ मिमी वर हवी. खांबाच्या आट्याची पिच (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) २ मिमी असेल तर दोन्ही पुढचे नट अर्धा-अर्धा फेरा. नाक हललं की फ्लँजचा मध्यही किंचित सरकतो, तो परत पाहा. वरचा लॉकनट आवळतानाही थोडा फरक पडतो, त्यामुळे चारही आवळल्यानंतरचं माप हेच खरं माप. ते तारखेसकट लिहून ठेवा आणि पहिल्या तेलबदलीच्या वेळी कपलिंग सोडून त्याच्याशी ताडून पाहा. तोवर रबरं आणखी थोडी दबलेली असतात.