सॅन अँटोनिओची मिशन्स पाहायची तर एस्पादापासून, पाटाच्या कडेने

लेक-जावई ह्यूस्टनला किंवा ऑस्टिनला असले, की नाशिकहून गेलेल्या आईवडिलांची सॅन अँटोनिओची एक फेरी ठरलेली असते. बहुतेक जण अलामो हे जुनं मिशन आणि रिव्हरवॉक ही नदीकाठची फिरण्याची वाट पाहून परततात. तिथे अलामो धरून पाच स्पॅनिश मिशन्स, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी चर्चभोवती वसवलेल्या वस्त्या, आहेत आणि २०१५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. ती दक्षिणेकडून, म्हणजे एस्पादापासून पाहत वर शहरात या. सकाळी ऊन कमी असतं तेव्हा उघड्यावरचं पाहून होतं.

तुम्हीही गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधीच पेठ रोडच्या आरटीओतून काढा. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवंच, कारण परमिट हे त्याचं भाषांतर आहे. त्याच्या जागी चालत नाही.

ह्यूस्टनहून आय-१० ने सुमारे ३२० किलोमीटर, साधारण तीन-सव्वातीन तास. ऑस्टिनहून आय-३५ ने १३० किलोमीटर, पण शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता तुंबतो. शनिवारी पहाटे निघा. आपल्याकडून चूक हमखास होते ती डावीकडे वळताना: सवयीने समोरच्या वाहनांच्या लेनमध्ये शिरतो. पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून थांबली, तर मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. आठ वर्षांखालच्या नातवंडाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. उंची चार फूट नऊ इंच झाली असेल तरच सूट. पंपावर भारतातलं कार्ड बऱ्याचदा अडतं, कारण मशीन तिथला पिनकोड मागतं. आत काउंटरवर आधी पैसे भरून पंपाचा नंबर सांगा.

एस्पादाला पोहोचलात की चर्चआधी पाणी पाहा. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७३१ मध्ये हे मिशन इथे आणलं. नदीवर बंधारा घालून इथल्या आदिवासींच्या हातांनी पाट काढला, तो ओढ्यावरून दगडी कमानींच्या जलसेतूने पलीकडे नेला. १७४० च्या दशकातला हा जलसेतू आजही पाणी वाहून नेतो. बागलाणात मोसमच्या काठची फडपद्धत पाहिलेल्याला समजावून सांगावं लागणार नाही: वळण बंधारा, पाट, मग उताराने शेतात पाणी. जलसेतू मिशनपासून थोडा दूर, वेगळ्या ठिकाणी आहे. नकाशात ‘एस्पादा ॲक्विडक्ट’ असं शोधा, नाहीतर चुकतो. जवळच्या सॅन हुआनला पाटाच्या पाण्यावरची नमुना शेती आहे.

सॅन होजेला निदान दीड तास ठेवा. १७२० चं हे मिशन सगळ्यांत मोठं. तटाला लागूनच आदिवासींच्या राहण्याच्या खोल्या, धान्याचं कोठार, पाण्यावर चालणारी गिरणी, आणि चर्चच्या बाजूला ‘रोझ विंडो’ ही कोरीव खिडकी. माहिती केंद्र इथेच आहे. कॉन्सेप्सियोनमध्ये मान वर करून पाहा: एका खोलीच्या छतावर मिशीवाला सूर्य रंगवलेला आहे, मूळ रंगातला.

ही चारही मिशन्स राष्ट्रीय उद्यानात येतात, प्रवेश फुकट. पण चर्चमध्ये आजही प्रार्थना चालते. रविवारी सकाळी सामूहिक प्रार्थनेच्या (मास) वेळी, किंवा लग्न असेल तेव्हा, आत फिरता येत नाही. शनिवारी सकाळ बरी. जून ते ऑगस्ट पारा सहज ३५ च्या पुढे जातो आणि मिशन्सच्या मधल्या पायवाटेला सावली तुरळक. माणशी दोन लिटर पाणी घ्या. मोठा पाऊस झाला की नदीकाठचे सखल रस्ते अचानक बुडतात. अडथळा लावलेला दिसला तर वळून मागे या, पाणी घोटाभर वाटलं तरी.

जेवणात शाकाहारी मंडळींनी दोन प्रश्न विचारावेत: राजम्यासारख्या बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का? भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? मांस नाही एवढं ऐकून थांबू नका. गव्हाच्या टॉर्टियातही लार्ड असू शकतं.

अलामो शेवटी. १७१८ चं हे पहिलं मिशन त्या उद्यानात नाही, टेक्सास राज्याकडे आहे. चर्चमध्ये जाणं फुकट असलं तरी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. टेक्सास मेक्सिकोपासून वेगळं होताना झालेल्या १८३६ च्या लढाईत इथे पडलेल्यांच्या सन्मानार्थ पुरुषांनी आत टोपी काढायची असते.