आवाज आणि धूर कमी करायला निघालात? आधी या चुका टाळा

हवा आणि आवाज, दोन्हींच्या बाबतीत माणसं उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी यंत्र आणतात, मग ते कुठे ठेवायचं याचा विचार करतात, आणि मुळात धूर किंवा आवाज येतो कुठून हा प्रश्न पैसे गेल्यावर विचारतात. क्रम साधा आहे. आधी उगम बंद होतो का ते बघा, नाहीतर त्याची वाट अडवा, आणि तेही जमलं नाही तरच स्वतःच्या कानाला आणि नाकाला काहीतरी लावा. हा क्रम सांगितला की लोक मान डोलावतात आणि पुढच्या वाक्याला विचारतात, ‘पण कुठल्या कंपनीचा घेऊ?’

भिंतीला फोम चिकटवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. फोम, जाड गालिचे या वस्तू खोलीच्या आत घुमणारा आवाज शोषतात. रेकॉर्डिंगसाठी ते ठीक. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नसेल, तर मात्र दोनच गोष्टी लागतात: वजन आणि हवाबंदपणा. फोमला वजन नसतं आणि हवा त्यातून आरपार जाते.

ओळखीच्या एका गृहस्थांची झोपायची खोली वाहत्या रस्त्याकडे तोंड करून. त्यांनी एका सुट्टीत चारही भिंतींना फोम लावला. खोलीत बोललं की आवाज दबका वाटायचा, त्यामुळे काम फत्ते झाल्याची त्यांची खात्री. रात्री ट्रक गेला की जाग यायची ती येतच होती. त्यावर त्यांचा उपाय काय, तर फोमचा दुसरा थर! मला बोलावलं ते हा दुसरा थर किती जाडीचा हवा हे विचारायला.

मी भिंतींकडे बघितलंच नाही. दिवे मालवायला लावले आणि त्यांच्या मुलाला बाहेरच्या सज्जातून खिडकीच्या कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगितलं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून आणि दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात तिथून उजेडाची सरळ रेघ आत आली. तिथली ब्रशची पट्टी झिजून नुसता दोरा उरला होता. ओला टॉवेल पिळून त्या फटीत दाबला, तर मोबाइलवरच्या मीटरचा आकडा तिथल्या तिथे उतरला. (मोबाइलचं मीटर अचूक नसतं; पण त्याच जागेवरचा आधीचा आणि नंतरचा फरक कळायला पुरतं.) नंतर त्यांनी नवी पट्टी बसवली आणि दाराखाली रबर लावलं. फोम अजून भिंतीवरच आहे, कारण काढला तर रंगही निघेल.

फट एवढी का महाग पडते ते समजून घ्या. डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही: १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा १० पट, २० वाढले म्हणजे १०० पट. आता भिंत आणि खिडकी धरून एकूण क्षेत्राचा फक्त १ टक्का भाग उघडा राहिला, तर ऊर्जेचा शंभरावा हिस्सा तिथून आत येणारच. म्हणजे बाकीची भिंत किल्ल्याच्या तटासारखी असली, तरी एकूण घट २० डेसिबलच्या आसपास अडकते. म्हणून माझी सवय अशी की फट सापडेपर्यंत दुसरं काही विकत घ्यायचं नाही. तीच फट बारीक धूळही आत आणते, त्यामुळे एका पट्टीत दोन कामं होतात.

मात्र ज्या खोलीत शेगडी, गिझर किंवा हीटरची ज्योत पेटते, ती हवाबंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घरातलं कुठलंही शुद्धीकरण यंत्र तो पकडत नाही.

‘आम्हाला आवाजाची सवय झालीय’

झाली नसते. जाग येत नाही एवढंच. झोपेतही आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, ताणाची संप्रेरकं सुटतात आणि झोप उथळ होते; वर्षानुवर्षं हे चाललं की उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असं म्हटलंय. तेवढा कमी आवाज कित्येक घरांना दुपारीही नशिबात नसतो.

बाहेरचा गोंगाट बुडवायला हेडफोनचा आवाज वाढवणारे तर त्याहून हुशार. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

एअर प्युरिफायर आणला, सुटलो

एका घरातून फोन आला: यंत्र सुरू आहे, हिरवा दिवा आहे, तरी मुलीचा खोकला थांबत नाही. जाऊन मागचं झाकण उघडलं. फिल्टर कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा! काही महिने त्या यंत्राने फक्त पंख्याचं काम केलं होतं. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर पिशवी काढा असं चित्रासकट छापलेलं होतं, पण माहितीपत्रक वाचायला वेळ कोणाला असतो? तो हिरवा दिवाही कामाचा नव्हता. यंत्राचा सेन्सर स्वतःच्या पोटाजवळची हवा मोजतो, आणि हे यंत्र सोफ्याच्या मागे भिंतीला चिकटून उभं होतं.

पिशवी काढल्यावरही पुढची चूक शिल्लक होतीच. जोरात लावलं की घरघर करतं म्हणून ते रात्रंदिवस सगळ्यात कमी वेगावर. खोक्यावर छापलेला शुद्ध हवेचा आकडा, ज्याला सीएडीआर म्हणतात, तो सर्वांत जास्त वेगाचा असतो. हिशोब घरच्या घरी होतो. १२ चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची खोली म्हणजे ३६ घनमीटर हवा. ती तासाला ५ वेळा गाळायची तर १८० घनमीटर लागतात. हे १८० तुम्हाला सहन होईल अशा वेगावर मिळायला हवेत. म्हणून मी नेहमी खोलीच्या मानाने मोठं यंत्र घ्यायला आणि मधल्या वेगावर चालवायला सांगतो. हवेसाठी आवाज विकत घेण्यात काय अर्थ?

हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, वायू मात्र अडवत नाही. रंगाचा वास, शेगडीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड यांना खिडकी किंवा धूर बाहेर फेकणारा पंखा हवा. आणि हवेला ‘पावसानंतरचा ताजेपणा’ देणारी ओझोनची यंत्रं घरात आणूच नका. ओझोन फुप्फुसांना जाळतो.

कुंड्या

शोभेसाठी ठेवा. १९८९ साली नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून ‘झाडं घरातली हवा शुद्ध करतात’ ही कथा पसरली. पुढे संशोधकांनी हिशोब मांडला, तर साध्या राहत्या घरात आपोआप जेवढी हवा आत-बाहेर होते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. बसायचं कुठे?

‘सकाळची हवा चांगली’ म्हणून पहाटे खिडक्या सताड

थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे रात्रभराचा धूर वर जात नाही, खालीच साचतो. पहाटे तो डोक्याच्या उंचीवर असतो. अशा दिवसांत खिडक्या दुपारी उघडा, धावायलाही उशिरा जा. कडक उन्हाळ्यात उलटं: ओझोन दुपारीच चढतो. हवेच्या गुणवत्तेचा त्या दिवसाचा आकडा बघा आणि ठरवा. नुसता एकूण निर्देशांक बघून थांबू नका, त्याखाली कुठला प्रदूषक लिहिलाय तेही वाचा. पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे आणि वर्षाच्या सरासरीला ५.

बाकीच्या, झटपट

कोरडा झाडू मारून धूळ उडवणं आणि मग ती यंत्राने गाळणं: ओल्या फडक्याने पुसा.

डास घालवायला बंद खोलीत कॉइल: तो धूरच आहे. जाळी लावा.

दाढीवर एन ९५ मास्क: कडेने हवा शिरते, मास्क नुसता टांगलेला राहतो.

गाडी उभी आणि इंजिन चालू: तुमच्या गाडीचा धूर शेजारच्याच्या खिडकीत जातो. ‘एक मिनिटच’ म्हणणारे दहा मिनिटं उभे असतात.

मोठ्या रस्त्याच्या कडेने चालणं: एक गल्ली आतून जा. तेवढ्या अंतराने धूर आणि आवाज दोन्ही बरेच उतरतात, आणि खर्च शून्य.

कानात फोमचा प्लग नुसता टेकवणं: बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढा आणि परत लावा.