बोर्ड अरुंद, नाव लांबलचक: जाड कम्पॅक्ट फॉन्ट कसा वापरायचा

हायवेला बोर्ड लावायचाय, जागा जेमतेम अडीच फूट रुंद आणि नाव 'श्री देव रवळनाथ मालवणी खानावळ', अशा वेळी जाड आणि चिंचोळा फॉन्टच कामाला येतो. देवनागरीत फुकट मिळणाऱ्यांत टेको आणि खंड हे दोन बघा, दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, गूगल फॉन्ट्सवर आहेत, धंद्यासाठी वापरले तरी चालतात. टेको चौकोनी अंगाचा आणि जास्त दाटीचा, खंडची पोटं (अक्षराच्या आतली जागा) मोकळी, म्हणून बोर्डाला मी तरी खंडच घेईन.

फॉन्ट ठरवायच्या आधी 'वेंगुर्ले' टाइप करून बघा. मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, सगळं एकाच शब्दात आलं. मात्रेला अनुस्वार चिकटला किंवा 'र्ले'वर नुसता काळा गोळा दिसला की एक पायरी खाली या, बोल्डऐवजी सेमीबोल्ड, लांबून कोणाला कळत पण नाही. आपल्या लिपीत रुंदीत वाचवलेली जागा उंचीत परत द्यावी लागते बघा, त्यामुळे इंग्रजी पोस्टरसारख्या ओळी एकमेकींवर चढवल्यात तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत घुसणारच.

साधा फॉन्ट माउसने दाबून चिंचोळा करायचा नाही. उभ्या काड्या बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते आणि अक्षरं पत्र्याच्या शेडखाली उभी केल्यासारखी दिसतात. अक्षरांमधलं अंतर पण वाढवू नका, शिरोरेषा तुटते, मोकळं हवंच असेल तर शब्दांमधली जागा वाढवा. आणि ती अक्षरांभोवतीची पिवळी बॉर्डर! अक्षरं आधीच जवळजवळ, त्यात बॉर्डर शेजारच्या अक्षरावर चढते, पण हौस काही फिटत नाही लोकांची.

आंब्याच्या पेटीचं गणित वेगळं. पुठ्ठा शाई पितो, कडा फुगतात आणि 'देवगड'मधल्या 'व'चं पोट बुजतं, म्हणून तिथे मीडियम वजन (म्हणजे अक्षराची जाडी) घ्या आणि साइज वाढवा.

हा जाड चिंचोळा फॉन्ट फक्त धंद्याच्या नावासाठी. सुरमई थाळी, तिसऱ्या, सोलकढी आणि त्यांचे रेट मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्येच टाका, नाहीतर गिऱ्हाईक डोळे बारीक करून वाचत बसेल.

अक्षराच्या उंचीचा ठोकताळा साधारण वाचायच्या अंतराच्या दर १० फुटांमागे १ इंच, तोही मात्रा-उकार सोडून नुसत्या अक्षराचा. एक शब्द खऱ्या साइजमध्ये प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा आणि रस्त्यापलीकडून बघा.

फ्लेक्सवाल्याला फाइल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, त्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तर भलताच येतो आणि 'तिसऱ्या'च्या डोक्यावर रफार बसलेला असतो. कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवा, रेट तर दर सीझनला बदलतातच.