मुलांच्या मातीकामाची माती कशी तयार करावी

मुलांना माती द्यायची म्हटली की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: माती घ्या, पाणी घाला, मळा. या सल्ल्याने परातभर चिखल होतो, दहा मिनिटांत अर्धी मुलं हात धुवायला पळतात आणि मग 'आमच्या मुलांना माती आवडत नाही' असा निष्कर्ष निघतो. माती न आवडणारी मुलं फार थोडी असतात. हातात पडलेली माती चुकीची असते, हेच बहुतेक वेळा खरं कारण असतं.

हे काम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलं सगळं तोंडात घालतात, त्यांना फक्त मोठ्याच्या मांडीशी बसवून द्या.

वरचा थर बाजूला करून वीतभर खालची माती काढा. वरच्या मातीत मुळं आणि पालापाचोळा असतो. रस्त्याच्या कडेची, रंग उडालेल्या जुन्या भिंतीलगतची, फवारणी केलेल्या शेतातली किंवा कुत्र्या-मांजरांच्या वावराची जागा टाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे तडजोड नको. खोदताना मुलांना बरोबर घ्या. गांडूळ सापडलं की काम थांबणार, ते थांबू द्या.

माती चिकण आहे का, हे मूठभर ओल्या मातीची पेन्सिलीएवढी कांडी वळून बोटाभोवती गुंडाळली की कळतं. बारीक भेगा पडल्या तर चालेल. तुकडेच पडले तर वाळू जास्त आहे, दुसरी जागा शोधा. मुलांना हे पाहायला आवडतं ते बरणीत: एक तृतीयांश माती, बाकी पाणी, झाकण घट्ट लावून हलवायचं आणि बरणी ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते.

आता माती पूर्ण वाळवा. भिजवायचीच आहे तर वाळवायची कशाला, असं वाटेल. पण खडखडीत वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडलं की आपोआप विरघळतं, अर्धवट ओलं ढेकूळ मात्र दिवसभर तसंच राहतं. बादलीत ढेकळं टाका, वर चार बोटं पाणी ठेवा आणि रात्रभर ढवळू नका. सकाळी ढवळून जुन्या मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा. कोरडी माती मुलांसमोर चाळू नका, ती बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता आणि गाळ जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगा.

खरी मेख ओलाव्यात आहे

अभ्रा कधी उतरवायचा? दिवस मोजून उत्तर मिळत नाही. हवेप्रमाणे एक दिवसही लागतो, चारही लागतात. अंगठा दाबून पाहा: अंगठा स्वच्छ बाहेर यावा, खड्डा तसाच राहावा आणि कडेला भेग पडू नये. तिन्ही गोष्टी एकदम जमल्या पाहिजेत. अंगठ्याला लेप लागला तर माती ओली आहे, कडा फाटली तर कोरडी.

ओली माती उभी राहत नाही, भिंत केली की बसते, आणि ज्यांना चिकट स्पर्श नकोसा वाटतो ती मुलं पहिल्या मिनिटाला उठतात. कोरडी माती चार वर्षांच्या मनगटाला दबतच नाही. मोठ्या माणसाच्या हाताला 'जरा मऊच' वाटेल, ती मुलासाठी बरोबर.

चुकलं तर दुरुस्ती अशी. ओल्या मातीत कोरडी माती मिसळू नका. हा सल्ला सर्वत्र सापडतो आणि तो वाईट आहे: त्याने गुठळ्या होतात, ओलावा जागोजागी वेगळा राहतो आणि वाळताना तिथेच तडे जातात. ओली माती कोरड्या विटांवर किंवा जाड सुती कापडावर पसरा आणि तासातासाने उलटा. कोरड्या मातीवर पाणी ओतू नका, वर राड होते आणि आत दगड राहतो. गोळ्याला अंगठ्याने खोल भोकं पाडा, त्यात पाणी भरा, ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा, मग मळा.

एवढं करूनही काम चालू असताना माती सुकते, कारण मुलांच्या गरम हातांना आणि हवेला ओलावा जात राहतो. भेग दिसली की मूल पाणी मागतं, आणि इथेच सगळे घसरतात. पाण्याची वाटी ठेवू नका! वाटी ठेवली की पाच मिनिटांत मातीकाम संपून पाणीखेळ सुरू होतो. पाणीखेळ चांगलाच, पण तो वेगळ्या दिवशी. दोन मुलांमागे एक ओला, पिळलेला स्पंज पुरतो. राखीव गोळे ओल्या कापडाखाली झाका आणि कडक झालेला गोळा सरळ बदलून द्या.

प्रत्येकाला निदान अर्धा किलो माती हवी. लिंबाएवढ्या गोळीशी मूल दोन बोटांनी चाळा करतं, मोठ्या गोळ्याशी दोन्ही हात आणि खांदे कामाला लागतात. खाली गोणपाट घातलं की माती चिकटत नाही.

काटक्या, शेंगा, पानं, पिसं पंधरा मिनिटांनी आणा. आधी दिली तर गोळ्याचा काटेरी साळिंदर होतो आणि मातीला कोणी हातच लावत नाही. गुंज, एरंड, कण्हेर, धोतरा यांच्या बिया-फांद्या टोपलीत येता कामा नयेत, सगळ्या विषारी आहेत. नमुना करून दाखवू नका. तुमचा हत्ती पाहिला की आठ मुलं आठ हत्ती करतात, नाहीतर 'मला येत नाही' म्हणतात. दाखवायचंच तर जोडणं दाखवा: दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे, मध्ये पातळ चिखल, मग दाबून धरणं. नुसता टेकवलेला पाय वाळल्यावर गळून पडतो.

वाळवणं सावलीत, रोज उलटत. उन्हात पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग मागे राहतो आणि जोडाशी तडा जातो. सगळ्याच वस्तू तडकत असतील तर मातीच फार चिकण आहे. ओल्या मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून ती वाळवा. अंतर एक सेंटिमीटरहून जास्त घटलं तर पुढच्या वेळी पाचव्या हिश्शाएवढी बारीक वाळू मिसळा.

हात आधी बादलीत, मग नळाखाली साबणाने. बादलीतला गाळ मोरीत ओतू नका, नळी तुंबते. तो पुढच्या खेपेच्या मातीत जातो. जमीन ओल्या फडक्यानेच पुसा. न भाजलेल्या वस्तूंपैकी जी मुलाला नको असेल ती पारदर्शक भांड्यातल्या पाण्यात सोडा, मूल बुडबुडे सोडत ढासळणारी भिंत बघत बसेल.