जास्वंदीवरचा 'हमिंगबर्ड' नेमका कोण? असं ओळखा

उन्हाळ्याच्या तोंडावर शेजारच्या वहिनींचा व्हिडिओ ठरलेला. "भावजी, हमिंगबर्ड आलाय बघा परत!" व्हिडिओत जास्वंद आणि तिला लटकलेला, मुठीत मावेल एवढा काळानिळा पक्षी. देखणा आहेच, पण हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर-दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडं रानात एकही नाही. कोल्हापुरात फुलाफुलांवर हिंडतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. काहीजण त्याला फुलचुखीही म्हणतात.

आधी रंग नको, बसतोय का ते बघा

हमिंगबर्डचा खांदा असा फिरतो की पंख खाली जातानाही उचल मिळते आणि वर येतानाही. म्हणून तो फुलासमोर हवेत थांबून राहतो, मागं मागंही उडतो. शिंजीर क्षणभर तसं करून दाखवतो, पण लगेच देठाला पकडून बसतो, नाहीतर उलटा लटकून फुलात चोच घालतो. तिन्हीसांजेला एखादा जीव अजिबात न बसता भिरभिरत असेल, तर डोक्यावर मिशा दिसतात का बघा. दिसल्या तर तो पक्षीच नाही, हॉक मॉथ नावाचा पतंग आहे. यात भलेभले फसतात.

मग चोच

शिंजीराची चोच बारीक, लांब, खाली वाकलेली असते. चोच आखूड आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर तो चष्मेवाला. आंब्यावरच्या बांडगुळाची फळं खाणारा आखूड चोचीचा मातकट पक्षी बहुधा फुलटोचा.

आता गळ्यावर नजर ठेवा

शहरात प्रामुख्याने दोन शिंजीर दिसतात, दोन्ही साधारण १० सेंटिमीटरचे. जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात सावलीत चक्क काळा दिसतो. ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. त्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागे राहील असं उभं राहून बघा, निम्मं काम तिथंच होतं. दुसरा जांभळ्या पाठीचा. त्याच्या डोक्यावर हिरवी झळाळी, गळा जांभळा, छातीवर तपकिरी-लालसर पट्टा आणि खाली पिवळं पोट.

खरी गंमत माद्यांची. दोघी पिवळसर, साध्या. पण जांभळ्या शिंजीराच्या मादीचा गळाही पिवळट असतो, तर दुसरीचा गळा पांढुरका आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे.

पावसाळ्यानंतर एक मादीसारखा पक्षी दिसेल, हनुवटीपासून पोटाकडे शाईची रेघ ओढल्यासारखा. तो जांभळा शिंजीर नरच. वीण संपल्यावर चमकदार पिसं टाकून तो साधे कपडे घालतो. जांभळ्या पाठीचा नर मात्र बारमाही नटलेला असतो.

राधानगरी, दाजीपूर किंवा आंबा घाटाच्या बाजूला गेलात तर लाल गळ्या-छातीचे शिंजीरही भेटतील. त्यांच्यातले भेद बारीक आहेत, पहिल्याच फेरीत नावासाठी अडून बसू नका. फोटो काढा, घरी येऊन पुस्तकाशी ताडून बघा.

सवयी बघायच्या तर एकाच झाडापाशी थांबा

पांगारा, पळस, काटेसावर फुलली की सकाळी लवकर खाली उभं राहा. फिरत बसण्यापेक्षा हे बरं, पक्षीच येतात. जीभ नळीसारखी असल्यामुळे ते मध ओढून घेतात. लांब नळीच्या फुलात चोच पोचली नाही, तर बुडाला भोक पाडून चोरीही करतात. नुसत्या मधावर मात्र त्यांचं भागत नाही. कोळी, किडेही लागतात आणि पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतात.

विणीच्या दिवसांत नर भारी भांडकुदळ. दुचाकीच्या आरशात स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून चोची मारत राहतो. आरशावर जुना मोजा चढवा, बिचाऱ्याची दमछाक थांबते.

घरटं मात्र समोर असून दिसत नाही. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा असलं काहीबाही चिकटवून मादी लांबट पिशवी विणते. बाजूला दार आणि दारावर छोटी पागोळी. लांबून फांदीला कचरा लोंबतोय असंच वाटतं. सापडलं तर हात लावू नका, जवळून फोटोही नकोत. मादी बिथरते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी घरटी मोडणं गुन्हा आहे.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगायची अमेरिकेतली पद्धत इथं आणायची गरज नाही. अंगणात जास्वंद लावा आणि सकाळी पानांवर पाणी मारा. ओल्या पानांवर अंग घासून शिंजीर अंघोळ करतो.

यंदा वहिनींच्या कपड्यांच्या दोरीलाच घरटं लागलं. दीड महिना त्यांनी धुणं गच्चीवर वाळत घातलं. व्हिडिओखाली मात्र अजून हमिंगबर्डच लिहितात.